साडेसहाच्या गाडीची माणसं

शालनबाई खिलारे बहात्तरच्या दुष्काळात करमाळ्याकडून कासारवाडीला आल्या. नवरा भीमराज लेथ मशीनवर लागला आणि शालनबाई भोसरीतल्या एका मोटर बनवणाऱ्या कारखान्यात तांब्याची तार गुंडाळायच्या कामावर. मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आमची ओळख मात्र कारखान्यात नव्हे, बसथांब्यावर झाली.

सकाळी साडेसहाला निगडीहून भोसरीला जाणारी गाडी कासारवाडीपर्यंत येईस्तोवर दारात माणसं लोंबकळत असायची. बहुतेक दिवशी ती थांबायचीच नाही. मग आम्ही बायका साडी खोचून चालायला लागायचो. कारखान्याचा सातचा भोंगा वाटेतच ऐकू यायचा, आणि पोचेपर्यंत फाटक बंद झालेलं असायचं. सगळे कंडक्टरच्या नावानं खडे फोडायचे.

अठ्ठ्याहत्तर साली एका संध्याकाळी परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. शालनबाई सरळ कंडक्टरच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसल्या.

"यशवंतराव, सकाळी गाडी का थांबवत न्हाई तुमी?"

"थांबवायला माझं काय जातंय, बाई? जागा कुठून आणू? या वेळेला दुसरी गाडीच पाहिजे. पण साहेबांना कागदावर गर्दी दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हंजी?"

"गाडीत मावतात तेवढ्यांचीच तिकिटं फाटतात. मागं राहिलेल्यांची कशी फाटणार?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शालनबाई माझ्या टेबलापाशी आल्या. "मृदुलाताई, आमी मागं राहतो म्हून आमी कागदावरच न्हाई. आता कागदावर यायचं कसं, ते सांगा."

मी अर्ज टाइप करून दिला. तो घेऊन शालनबाई निगडीपासून प्रत्येक थांब्यावर फिरल्या. स्वतःला जेमतेम सही यायची, पण चिंचवडच्या नंदकिशोर मास्तरांकडून त्यांनी अर्ज दोनदा वाचून घेतला आणि ऐकून ऐकून पाठ केला. मास्तर भोसरीच्या शाळेत शिकवायचे. आधी ते म्हणाले, "अर्जांनी काही होत नाही हो." शालनबाई म्हणाल्या, "मग सही करायला तुमचं काय जातंय?" मास्तरांनी सही केली.

डेपोतल्या कानिटकर साहेबांनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. "गाडी भरून जाते, म्हणजे उत्तमच चाललंय. बाकी लोक वाढवून सांगतात."

"साहेब, एक दिस सकाळी थांब्यावर येऊन बघा."

"मला तेवढंच काम आहे का?"

"बरं," शालनबाई म्हणाल्या. "मग आमीच येतो."

भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असायची. त्या गुरुवारी दहा वाजता साडेसहाच्या गाडीची सगळी माणसं डेपोच्या आवारात जमली. मास्तरांनीही शाळेतून रजा काढली होती. पुठ्ठ्यांवर थांब्यांची नावं त्यांनीच सुरेख अक्षरात लिहून आणली. निगडी, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, अशी एकामागे एक रांग लागली. घोषणा द्यायच्या नाहीत, रोज उभं राहतो तसं उभं राहायचं, असं शालनबाईंनी बजावलं होतं. रांगेचं शेपूट फाटकाबाहेर रस्त्यावर गेलं.

साहेब बाहेर आले. "हे काय? मोर्चा?"

"न्हाई साहेब. तुमची साडेसहाची गाडी धरणारी माणसं हायती."

"एवढी?"

यशवंतराव पलीकडेच उभे होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, आवारात रिकामी गाडी उभी आहे. बसवून बघू या का?"

साहेब आता नाही कसं म्हणणार? निगडी आणि आकुर्डीची माणसं बाकांवर बसली. चिंचवडच्यांनी मधली वाट भरली. पिंपरीचे निम्मे कसेबसे आत घुसले, बाकीचे पायरीवर अडकले. कासारवाडीची रांग जशीच्या तशी बाहेर राहिली, आणि तिच्यात मी, शालनबाई आणि त्यांच्या खात्यातल्या सगळ्या बायका.

"साहेब," शालनबाई म्हणाल्या, "आता तुमी कासारवाडीला ऱ्हाता असं समजा. चढा."

साहेबांनी दांडा धरला आणि एक पाय पायरीवर ठेवला. दुसऱ्या पायाला जागाच मिळेना. ते तसेच एका पायावर तोल सावरत उभे राहिले. आधी गाडीतून कुणीतरी खुदकन हसलं, मग अख्खी गाडी हसायला लागली. शेवटी साहेबही हसले आणि खाली उतरून म्हणाले, "अर्ज कुठंय तो? परत आणा माझ्या टेबलावर."

पुढे रीतसर प्रवासी मंडळ झालं आणि शालनबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. त्यांनी कासारवाडीच्या थांब्यावर पत्र्याचं छप्पर घालून घेतलं आणि ऐंशी साली दुसऱ्या पाळीच्या बायकांसाठी परतीची वेगळी गाडीही मिळवली. पण मला आठवतो तो त्या रांगेनंतर तीन आठवड्यांनी आलेला सोमवार. त्या दिवशी पिंपरीहून सुटणारी नवी गाडी पहिल्यांदा आमच्या थांब्यावर आली आणि थांबली.

शालनबाईंनी तिला झेंडूचा हार घातला. ड्रायव्हरच्या हातावर पेढा ठेवला, या गाडीवर नेमलेल्या यशवंतरावांच्या हातावर दोन. मग त्या खिडकीशी बसल्या आणि भोसरीपर्यंत बाहेरच बघत राहिल्या.

"एवढी झाडं हायती व्हय या रस्त्याला," त्या म्हणाल्या. "चालताना नुसती पायाखालची वाट दिसायची."

आम्ही पोचलो तेव्हा सातला बारा मिनिटं होती. पहारेकरी नुकता कुलूप काढत होता. आम्हा सगळ्यांकडे बघून त्यानं आपलं घड्याळ कानाला लावलं. इतका वेळ हाताशी घेऊन काय करायचं ते कुणालाच सुचेना. मग समोरच्या टपरीवर शालनबाईंनी सगळ्यांसाठी चहा सांगितला, आणि आम्ही रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर ओळीनं बसून, घाई न करता, फुंकर घालून तो प्यायलो.