गाडी डावीकडे, मी उजवीकडे

घाबरलो की मला वाचा फुटते. इतर माणसं भीतीने गप्प होतात. मी कारणं सांगत सुटतो. म्हणूनच आमची गाडी चालता चालता डावीकडे ओढायला लागली, तेव्हा पहिले तीन आठवडे मी तिच्यावर फक्त व्याख्यानं दिली.

पहिल्यांदा कळलं ते काशीगावच्या पुढे, हायवेवर. नाक खाजत होतं. एक हात गिअरवर, दुसरा नाकाकडे गेला, आणि तेवढ्या दोन सेकंदांत गाडी डावीकडे निघाली. कुणी ओळखीचं दिसल्यासारखी. डावीकडे ट्रेलर होता. मागच्या सीटवर आमची नऊ वर्षांची मुलगी काचेला कपाळ टेकवून बसली होती, आणि त्या ट्रेलरचं चाक तिच्या कपाळापासून हातभरावर फिरत होतं. मी स्टिअरिंग खेचलं. गाडी परत आली.

"काय करतोयस?" शेजारून बायको.

"काही नाही. रस्ता कडेला उतरता असतो. पाणी वाहून जावं म्हणून."

हे खोटं नाही, रस्ते तसेच बांधतात. पण पुढचे कितीतरी दिवस जेवताना, अंघोळ करताना, ऑफिसात साहेबांपुढे बसलेला असताना मला ते चाक दिसायचं. कपाळ दिसायचं. मधलं अंतर रोज थोडं कमी व्हायचं.

रस्त्याचा सिद्धांत चार दिवस टिकला. मग उलट उताराच्या रस्त्यावरही गाडी डावीकडेच गेली, तेव्हा मी बायकोला अत्यंत शास्त्रीय आवाजात सांगितलं की डाव्या बाजूला तू बसतेस, वजन त्या बाजूला पडतं.

ती दुसऱ्या दिवशी मागे, बरोबर माझ्या पाठीशी जाऊन बसली. गाडी डावीकडेच गेली.

"आता कोणाचं वजन?" मागून आवाज आला.

मुलगी खिदळली. मीही हसलो, पण उजवा हात तोवर खांद्यापासून भरून आला होता. कारण एव्हाना मी एक युक्ती शोधून काढली होती: स्टिअरिंग सतत थोडंसं उजवीकडे धरून ठेवायचं. मग गाडी सरळ जाते. हट्टी मुलाला बाजारातून नेताना दंड धरून चालतो तसं. आठवड्याभरात हाताला ते इतकं अंगवळणी पडलं की घरात कपाट उघडतानाही मी थोडा उजवीकडे झुकत होतो. ही युक्ती लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

आमच्या शांती नगरात गाडीबद्दल सल्ला मागावा लागत नाही. बॉनेट उघडलं की येतो. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका म्हणाले, "हवा चेक करो, भाई, हवा." हवा चारी चाकांत बरोबर निघाली. दुसऱ्याने अलाइनमेंट सांगितली. मशीनवर गाडी चढवून चाकांचे कोन जुळवून घेतले, हातात आकड्यांचा कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे. कागद शर्टाच्या खिशात घालून बाहेर पडलो, आणि पहिल्याच सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे. आता मात्र मी खरंच टरकलो. मोजून, तपासून, हिरव्या शाईत छापून घेतल्यावरही जे उरतं, त्याला काय म्हणायचं?

शेवटी काशीगावातल्या एका मेकॅनिककडे गेलो. पन्नाशीपुढचा, बारीक, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. बॉनेट उघडायच्या आधी त्याने मला एका स्टुलावर बसवलं आणि डॉक्टरसारखं विचारायला सुरुवात केली.

"ब्रेक मारने पे खींचती है, या चलते चलते?"

"चलते चलते."

"धीरे धीरे बढ़ा, या एक दिन अचानक?"

"अचानक."

"कहीं ठोका? गड्ढे में गई? फुटपाथ पे चढ़ाते हो?"

इथे माझी जीभ अडली. आमच्या भागात गाडी लावायची म्हणजे डावीकडची दोन चाकं फुटपाथवर चढवायची. तसं केलं नाही तर मागून रिक्षावाले आपल्या खानदानाची चौकशी करतात. सगळेच चढवतात. पण सगळे हळू चढवतात. मी मात्र एका दमात, धाडकन. त्याला मी 'वन शॉट' म्हणायचो. बायको म्हणायची, चाक फुटेल एक दिवस. आणि बायको त्या क्षणी माझ्या शेजारी उभी होती.

"नहीं, नहीं," मी म्हणालो. "सोसायटी का पार्किंग है. एकदम प्लेन."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे.

मेकॅनिकने चाकांना हात लावून बघितलं. ब्रेक चिकटत असेल तर एक चाक जास्त तापतं, म्हणाला. तसं नव्हतं. जॅक लावून चाकं हलवून बघितली, खडखड नव्हती. मग त्याने पुढची दोन्ही चाकं काढली आणि डावं उजवीकडे, उजवं डावीकडे लावलं.

"अब एक राउंड मारो. हायवे नहीं, यहीं अंदर, खाली रोड पे. आके बोलो किधर जा रही है. आना ज़रूर."

एवढ्यात बायकोचा फोन वाजला. उत्तनला तिची शाळेपासूनची मैत्रीण राहते. तिच्याकडे रविवारचं जेवण होतं आणि आम्हाला आधीच उशीर झाला होता. "निघालोच," बायको फोनवर म्हणाली आणि मुलीला घेऊन रस्त्यापलीकडे पाण्याची बाटली आणायला गेली. मी गाडी गल्लीतून फिरवली. गल्लीत तीन गतिरोधक, दोन कुत्रे आणि एक हातगाडी. वीसच्या पुढे काटा गेला नाही. गाडी सरळ गेली. निदान डावीकडे तरी गेली नाही.

बायको गाडीत बसता बसता म्हणाली, "झालं?"

"झालं. एकदम सरळ."

परत जाऊन सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण जे बरं झालंय ते डॉक्टरला कशाला दाखवायचं, असा मी विचार केला. बायको पुढे बसली, मुलगी मागे. निघालो.

भाईंदर पश्चिम सुटलं, मिठागरं लागली, रस्ता मोकळा झाला. मी गाडी पन्नासवर नेली. बऱ्याच दिवसांनी मला मोकळं वाटत होतं, आणि मोकळं वाटलं की मी शिट्टी वाजवतो. शिट्टी वाजवत असताना समोरून बस आली.

आणि आमची गाडी उजवीकडे निघाली.

सरकली नव्हे, निघाली. मधली पट्टी आमच्या बॉनेटखाली शिरताना मी पाहिली आणि मला काहीच कळेना, कारण तीन आठवडे मी डाव्या बाजूला घाबरायचा सराव केला होता. खराब टायर आता उजव्या बाजूला होतं, ते गाडीला उजवीकडे ओढत होतं. आणि माझा शहाणा हात, सवयीने, गाडीला उजवीकडेच धरून होता. दोघं मिळून आम्हाला बसखाली नेत होते. बसचा हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. ड्रायव्हरचं तोंड उघडलेलं दिसलं. बायकोने स्टिअरिंगवर हात टाकला, मुलगी "बाबा" म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली, हाक मारल्यासारखं. मी डावीकडे खेचलं. बस गेली. इतकी जवळून गेली की काचा बंद असूनही गाडीत तिचा वारा जाणवला.

मग आम्ही कडेच्या मातीत उभे होतो. इंजिन बंद होतं. ते मी बंद केलं की आपोआप पडलं, आजही सांगता येणार नाही. कोणी बोलत नव्हतं. मीसुद्धा. सांगायला एकही कारण उरलं नव्हतं.

त्या शांततेत डॅशबोर्डवरचा माझा फोन वाजला.  बायकोने उचलला, स्पीकर लावला.

"साब, राउंड मार के आने को बोला था ना? आधा घंटा हो गया. किधर खींच रही है?"

बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं. मग फोनला म्हणाली, "राइट को."

"मतलब टायर गया है, भाभी. टायर के साथ खींचाव भी उधर गया. चलाना मत. स्टेपनी लगाओ. वो टायर पे एक किलोमीटर नहीं चलाना."

फोन बंद झाल्यावर ती फक्त म्हणाली, "परत यायला सांगितलं होतं त्याने."

"हो."

"आणि तू आम्हाला बसवून निघालास."

ती दार उघडून उतरली आणि कडेला जाऊन उभी राहिली; मागोमाग मीही उतरलो.

मागून मासळीचा एक टेम्पो येऊन थांबला. उतरला तो साठीचा माणूस, गळ्यात क्रूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. माझ्या तोंडाकडे बघून त्याने मला काहीच विचारलं नाही. आधी मागचं दार उघडलं आणि मुलीला म्हणाला, "तू खाली उतर, बाय. तिकडं लांब, आईपाशी उभी ऱ्हा." ती आईपाशी पोचेपर्यंत तो थांबला. मग एकेक चाक चाचपत पुढच्या उजव्या चाकाशी येऊन उकिडवा बसला, हात टायरच्या मागे, आतल्या बाजूला घातला, आणि तसाच थबकला.

"हात घाल."

मी घातला. चिखलाच्या थराखाली, आतल्या भिंतीवर, सोललेल्या उकडलेल्या अंड्याएवढा फुगा होता. मऊ. दाबला तर दबत होता.

"आतली तार तुटलेली हाय. वरचं नुस्तं रबर धरून हाय. फुटपाथवर आपटतो काय रं गाडी?"

"हो," मी म्हणालो. "रोज."

बायको ऐकण्याच्या अंतरावर होती. तिने तोंड फिरवून मिठागरांकडे बघितलं.

"हायवेला फुटला असता ना, तर..." म्हातारा म्हणाला आणि त्याने पान्हा मागितला. मी नट सैल करायला गेलो तर पान्हा हातातून दोनदा पडला. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू नुस्ता बस. पानी पी." स्टेपनी त्यानेच लावली. मी रस्त्याच्या कडेला बसून पाणी प्यायलो. 

बायको आणि मुलगी त्याच्याच टेम्पोतून पुढे उत्तनला गेल्या. मी मागून, तीसच्या काट्यावर. गाडी आता सरळ जात होती. वाकडं जात होतं ते माझं मनगट, आणि ते मला प्रत्येक वळणावर मुद्दाम परत आणावं लागत होतं. मैत्रिणीच्या घरी बोंबलाचं कालवण होतं. मी भात कालवला आणि तसाच बसून राहिलो. मैत्रिणीची आई दोनदा म्हणाली, "जेव ना, काय झालं?" बायकोने माझ्या वतीने सांगितलं, "गाडी बिघडली होती." एवढंच. यापेक्षा जास्त ती तिथे काही बोलली नाही याबद्दल मी तिचे आभार अजून मानलेले नाहीत.

निघताना मी किल्ली हातात घेतली तशी ती म्हणाली, "आम्ही बसने येतो."

"अगं, आता स्टेपनी लावलीये. सरळ चालतेय."

"असेल."

मी मुलीकडे बघितलं. ती आईचा दुपट्टा मुठीत धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. गाडीकडे बघत होती. हिरव्या आकड्यांचा कागद माझ्या खिशात अजून होता, पण तो काढून दाखवण्याइतका मी तेव्हा मूर्ख उरलो नव्हतो.

बस आली. त्या चढल्या. मी गाडी बसच्या मागे लावली आणि भाईंदरपर्यंत तिच्या मागेच राहिलो. बस प्रत्येक थांब्याला थांबायची, मीही थांबायचो. मागचे लोक हॉर्न वाजवून, शिव्या देऊन पुढे जायचे. वाटेत मुलगी बसच्या मागच्या काचेशी येऊन उभी राहिली. मी हात केला नाही, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे होते. तिनेही केला नाही. ती माझ्या चाकांकडे बघत होती. तिची नजर पट्टीच्या डावीकडे, पट्टीच्या उजवीकडे, परत डावीकडे फिरत होती. आणि मी आयुष्यात कधी चालवली नाही इतकी सरळ गाडी चालवत होतो.