मेलेल्या राजाले वन्स मोर

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं एक्स-रे, म्हणजे छातीच्या आतला फोटो, उजेडात धरला अन् मले म्हणाले, "बाई, टीबी आहे. क्षय. हे गायले तर मरतील." आमचे हे बाजूलेच बसून होते. दंडारीत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकात, हे राजा होऊन गात. त्यायले ऐकाले धानोऱ्याहून बैलबंड्या येत. डॉक्टरचं ऐकून ते नुसते हसले.

मंग सुरू झालं सारं. इंजेक्शनं, बाकावर बसून वाट पाहणं, अन् रोज दुधात औषधाची कडू पूड कालवून पाजणं. ते तोंड वाकडं करत, मी कावत. किती थकली मी, सांगून सोय नाई. पण खोकला उतरला, गालफडं भरली.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. दंडारीचे मंडळवाले ओसरीवर ठाण मांडून बसले. राजाशिवाय दंडार कशी होईन म्हणत. डॉक्टर म्हणाले, बोलू द्या, गाऊ देऊ नका. मंग मंडळानं तोड काढली. राजा येईन, चार शब्द बोलन, तलवार लागून मरन. गाणं नाई. निघताना मी दूध पाजलं, ते साऱ्यायनं पाह्यलं.

दंडार रातभर चालली. उजाडता उजाडता राजा मेला. पण आमच्या झाडीत मेलेल्यालेही सुटका नाई. मरण आवडलं की लोकं वन्स मोर मागते, अन् मेलेला उठून, गाऊन, पुन्हा मरते. लोकं ओरडले. हे पडूनच होते. लोकं पुन्हा ओरडले. मी पडद्यामागून हातानं नाई नाई करून राह्यली होती. त्यायनं माह्याकडं पाह्यलं, अन् उठले.

काय गायले हो! तोंडातून रगत आलं, तं लोकायले रंग वाटला. ते आडवे झाले, तं पुन्हा वन्स मोर.

दुपारपर्यंत गावभर झालं, बायकोनं दुधातून काही देल्लं, तिले गाणं नको होतं ना. पोलीस पाटलानं दुधाचा पेला नेला. डॉक्टर चांद्याहून आले, छातीतली रगतनळी फुटली म्हणून चारचौघात सांगितलं. कोणाले पटलं नाई. जाताना मले म्हणाले, "बाई, इतके दिवस ते तुमच्या दुधावरच जगले." डॉक्टरचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाई.

आता रागही येत नाई. दुधात काय होतं ते साऱ्यायनं विचारलं. वन्स मोर कोण ओरडलं, ते कोणीच नाई. बायांनो, तुमच्या घरी असा कोणी असन तं औषध चुकवू नका. अन् लोकं त्याले बोलावतीन तवा पडद्यामागं उभ्या नका राहू. जाऊन हात धरा त्याचा.