‘बिल्ला उद्या देते’

"मॅडम, त्या मदतनीसबाईला आदी कामावरून काढा, मग बोलू," सुभेदार तात्या अंगणवाडीच्या दारातूनच म्हणाले.

मी अंगणवाड्यांची सुपरवायझर. मंचरच्या आसपासच्या अंगणवाड्या माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखाली येतात. तात्या फौजेतून रिटायर झालेले. वेगवेगळ्या पलटणींचे वर्दीवरचे कापडी बिल्ले जमवायचा त्यांना भारी नाद. त्यातले बरेच गायब झाले होते. मदतनीस सुनंदा रोज सकाळी घरोघरी जाऊन पोरं गोळा करते. तात्यांची नात परी, तिलाही तीच आणते.

"बाहेरचं मानूस घरात येतं ते एवढंच. मी पारावर सांगितलंय सगळ्यांना."

सुनंदा बौद्ध वस्तीतली. ते तात्या बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं आणि माझं डोकं तडकलं. तरी खरं सांगते, शंका मलाही चाटून गेली. त्यात सेविका शोभाताई कानाशी म्हणाल्या, "आजकाल लई गप असती ती."

कुणी मागायच्या आत सुनंदाने पिशवी पालथी केली. डबा, रुमाल, घराची किल्ली.

"अजून कुठं बघायचंय? हे काम गेलं तर गावात मला कोन दारात उभं करनार न्हाई."

तेवढ्यात खाऊची वेळ झाली. एका पोराने दप्तरातून डबा काढला, त्याबरोबर वाघाचा बिल्ला खाली पडला. बाकीची दप्तरं बघितली, तर बहुतेकांत एकेक बिल्ला.

"बगा, पोरांच्या दप्तरातनं माल बाहेर काढती," तात्या म्हणाले.

हे मला पटेना. चोरीचा माल कुणी असा वाटत बसतं का? मी शोभाताईंना विचारलं, "बिल्ल्यांचं काही बोलणं झालं होतं का वर्गात?"

झालं होतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात, पोराला काय येत नाही ते मोजत बसू नका. काय येतं तिथून शिकवायला लागा. म्हणून शोभाताई रोज एका पोराचं नाव घेऊन त्याला काय छान येतं ते सांगायच्या आणि पुठ्ठ्याचा बिल्ला लावायच्या. पुढे पुठ्ठा संपला.

"मग?"

"मग म्हनायचे, बिल्ला उद्या देते."

"आणि दिलात?"

"न्हाई, राहूनच गेलं."

परी आमच्याकडे टक लावून बघत होती. ही पोरगी कुणाशी बोलत नाही. मी खाली बसले.

"परी, काल कुणाला ‘उद्या देते’ म्हणाल्या ताई?"

तिने एका मुलीकडे बोट दाखवलं. मग फ्रॉकच्या खिशातून एक बिल्ला काढून तिच्या हातात दिला.

बिल्ला तात्यांचाच होता; ताईंचा ‘उद्या’ परीच पाळत होती. मी परीचं दप्तर उघडलं. त्यात बिल्ला नव्हता. ताईंनी तिचं नाव कधी घेतलंच नव्हतं.

"सुनंदा, चुकलं माजं," तात्या म्हणाले.

"तात्या, चुकलं म्हनताय ते हितं. चोर म्हनलात ते पारावर."

संध्याकाळी तात्या पारावर गेले आणि उभं राहून बोलले. सुनंदा ऐकायला गेली नाही.

सेविकांना मी आता एवढंच सांगते, पोरांसमोर ‘उद्या’ जपून म्हणा, कुणीतरी ऐकत असतं. दुसऱ्या दिवशी शोभाताईंनी परीचं नाव घेतलं. म्हणाल्या, दिलेला शब्द परीला पाळता येतो. आणि बिल्ला तिथल्या तिथे लावला.