आमटी जळत असताना

अमेरिकेत प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत २००४ साली आमटीत तीन जणांनी मीठ घातलं आणि आरतीला कापूर कोणीच आणला नाही. सगळे सगळंच करत होते ना! हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, असं सुलभाताईंनी तिथेच ठरवलं.

सुलभाताई मूळच्या नागपूरच्या. नोकरीत दिवसभर इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्यामुळे घोळ त्यांना सहन व्हायचा नाही. मार्चमध्ये त्यांच्या सहावीतल्या अनिकाला शाळेत प्रोजेक्ट मिळालं: प्राचीन चीनमधल्या कायदेवादी राज्यकारभाराचे फायदे आणि तोटे. माणसाच्या चांगुलपणावर विसंबू नका, नियम स्पष्ट लिहा, सरदार असो की शेतकरी, शिक्षा सारखीच द्या, असं त्या विचारवंतांचं म्हणणं. त्या जोरावर एका राज्याने सगळा चीन जिंकला. त्यांच्यातलीच एक गोष्ट अनिकाला सापडली. राजा पिऊन झोपला होता. त्याला थंडी वाजेल म्हणून टोपी सांभाळणाऱ्या सेवकाने त्याच्यावर अंगरखा घातला. राजाने अंगरखेवाल्याला कामचुकारपणाची शिक्षा दिली, आणि टोपीवाल्यालाही दिली, कारण त्याने दुसऱ्याच्या कामात हात घातला होता. अनिकाने ही गोष्ट तोट्यांत लिहिली. सुलभाताईंना ती फायद्यांत हवी होती.

सप्टेंबरमध्ये त्यांची यादी भिंतीवर लागली. एक काम, एक माणूस. आपलं काम सोडलं किंवा दुसऱ्याच्या कामाला हात लावला, की त्या दिवसाच्या कार्यक्रमातून आणि पुढच्या गणपतीच्या कामांतूनही नाव बाद. आम्ही कुरकुरलो, पण खरं सांगते, त्या सकाळी अध्यक्षांनीसुद्धा केर काढला आणि आरती वेळेवर झाली.

आमटीचा गॅस नंदूकडे होता. तो फोन घेऊन पार्किंगमध्ये गेला. आम्ही सहा मोठी माणसं स्वयंपाकघरात होतो. माझ्याकडे कोशिंबीर होती, म्हणून करपल्याचा वास येत असतानाही मी काकडी कोचत राहिले. आजही सांगताना लाज वाटते. शेजारच्या फडक्याने पेट घेतला तरी आम्ही नंदूच्या नावाने हाकाच मारत होतो. दारात चपला लावणारी अनिका धावत आली. तिने गॅस बंद केला, फडकं सिंकमध्ये टाकलं आणि बोट भाजून घेतलं.

संध्याकाळी ती अथर्वशीर्ष म्हणणार होती. तीन महिने पाठ करत होती. नागपुरात तिची आजी ऐकायला पहाटे उठून फोनशी बसणार होती.

सुलभाताई आल्या. काय झालं ते त्यांनी ऐकलं. बोट नळाखाली धरून अनिकाने विचारलं, "सो आय ॲम द हॅट गाय, आई?"

मी मध्ये पडले. जाऊ द्या हो, लहान आहे, असं म्हटलं. त्यांनी मलाच झापलं. "लहान आहे म्हणून नाही, शुभा. तिने बरोबर केलं म्हणून. नियम चुकलाय, आणि तो मी लिहिलाय."

त्यांनी पेन घेतलं. आधी नंदूचं नाव कापलं, त्याला काही सोडलं नाही. मग सगळ्यात वर असलेलं स्वतःचं कापलं. बोटाला पट्टी बांधून अनिका संध्याकाळी अथर्वशीर्ष एकही अक्षर न चुकता म्हणाली.

पुढच्या वर्षीची यादी मी केली. एक काम, एक माणूस, हे तसंच ठेवलं. शेवटची ओळ सुलभाताईंनी माझ्याकडून लिहून घेतली: जळताना ज्याला दिसेल त्याने विझवावं.

त्या गणपतीत यादीत नाव नसलेल्या सुलभाताई पाहुण्यांसारख्या खुर्चीत बसल्या होत्या. कोणी कितीही बोलावलं तरी त्यांनी ताटवाट्या मांडायलाही हात लावला नाही. आमटी अळणी झाली होती. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मीठ न मागता वाटी संपवली.