चाळीस जणांची एकच पाळी

मुलांनो, परवा फोनवर ऑफिसातली गंमत सांगितलीत: एका चुकीच्या आज्ञेने कॉम्प्युटरमधल्या सगळ्या ओळी सारख्या झाल्या. मला मी पेण पोलीस ठाण्यात फौजदार असतानाची एक घटना आठवली. ती अजून पुसट झालेली नाही, तोवर लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकात डोलवीकडच्या एका कंत्राटदाराच्या गोदामातून भर दुपारी तांब्याची केबल चोरीला गेली. गोदामाच्या रखवालदाराने एका कामगाराचं नाव दिलं. तो रोह्याला बहिणीकडे सापडला. कंत्राटदाराच्या कॉम्प्युटरवर छापलेल्या यादीत त्या दिवशी तो दुसऱ्या पाळीवर, म्हणजे चोरीच्या वेळी गोदामात होता.

"मी नव्हतो, बाय. बांधाला खांड पडली, मी चिखलात होतो."

"कोणी पाहिलं?"

"आख्ख्या गावान."

"गाव तुझंच. बाहेरचा साक्षीदार सांग."

"बाहेरचा चिखलात कशाला उतरंल?"

हवालदार हसले. मला हसू आलं नाही. अटक झाली की त्याची नोकरी जाणार होती.

खाडीकाठी बांध फुटला की घरटी एक माणूस जातोच, त्यासाठी कामगार आपसात पाळ्या बदलतात. हे मला ठाऊक होतं, म्हणून यादी पुन्हा वाचली. चाळीसच्या चाळीस जण दुसऱ्या पाळीत! मग सकाळी काम केलं कोणी?

कंत्राटदाराच्या ऑफिसात यादी करणारी मुलगी रोह्याची, कामगाराच्या गावाशी संबंध नसलेली. तिला विचारताच तिने ड्रॉवरमधून मुकादमाची चिठ्ठी काढली. प्रत्येकाची बदललेली पाळी वेगळी, आणि आमच्या संशयित कामगारापुढे 'सुट्टी'.

"चूक माझी, मॅडम. घाईत कॉम्प्युटरला दिलेल्या एका आज्ञेने सगळ्यांना एकच पाळी लागली. लिहून दिलं तर माझी नोकरी जाईल का?"

"जाऊ शकते," मी खरं ते सांगितलं.

तिने जबाबावर सही केली.

चुकीच्या यादीचा आणि चिठ्ठीचा आधी पंचनामा केला, मगच तिला दुरुस्ती करू दिली. एकच आज्ञा, पण तीत प्रत्येक कामगाराच्या टोकन नंबरापुढे त्याची त्याची पाळी, आणि शेवटी अट: बदल फक्त याच नंबरांपुरता. मला कळावी म्हणून तिने ती कागदावर लिहून दाखवली. कामगार सुट्टीवर होता, म्हणजे त्याचं नाव देणारा खोटं बोलला होता; तो धागा धरून शोध घेतला, तेव्हा केबल वडखळच्या भंगारवाल्याकडे मिळाली. विकणारा तो रखवालदारच निघाला.

मुलीला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. तो कामगार त्याच कामावरून निवृत्त झाला. कागदावर छापलेलं मी तोवर खरं धरत असे. ती सवय त्या मुलीने मोडली. तिचे उपकार मी विसरलेले नाही.

तिने लिहिलेला तो कागद माझ्या कपाटात आहे. शाई फिकी झाली आहे, पण चाळीसही नंबर वाचता येतात.