लयीला पक्का माणूस

अख्ख्या मुंबईत लयीला पक्का असा एकच माणूस आहे आणि तो परळला दुसऱ्या मजल्यावर राहतो. हे त्याचं स्वतःचं मत. पण चाळीस वर्षं त्याच्या शेजारी उभं राहून बेस गिटार वाजवल्यावर माझंही तेच मत झालं आहे. तो आमच्या बँडचा ड्रमर. बँड म्हणजे आम्ही चौघं: तो, मी, खोताच्या वाडीत राहणारा आमचा गिटारवाला आणि शीवच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या गायिका, ज्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. कॉलेजात असताना जी इंग्रजी रॉक गाणी वाजवून घरच्यांची बोलणी खाल्ली, तीच आम्ही आजही वाजवतो. फरक इतकाच, की आता बोलणी नातवंडांची खातो.

जगातल्या प्रत्येक गोष्टीला लय असते आणि ती बहुतेक चुकलेली असते, असा या गृहस्थाचा सिद्धांत आहे. कुकरच्या शिट्ट्या, लिफ्टचं दार, शेजाऱ्यांचं घोरणं, त्याच्या तावडीतून काही सुटलेलं नाही. डॉक्टरांनी नाडी बघायला मनगट धरलं, तर हा दुसऱ्या हाताने त्यांच्याच टेबलावर ठेका धरून त्यांना मदत करतो. ड्रम ताणायची चावी तो जानव्याला बांधतो. म्हणे, खिशातली चावी हरवते, जानवं हरवत नाही. त्यामुळे कार्यक्रम ऐन रंगात आलेला असताना एखादा ड्रम सैल पडला, की हा भर स्टेजवर शर्टाची तीन बटणं सोडून आत हात घालतो आणि पहिल्या रांगेतल्या बायका एकदम आपापले मोबाइल तपासू लागतात.

काही वर्षांपूर्वी एका गणपतीत शेजाऱ्यांकडे आरती चालू होती. गिरगाव असो की परळ, आरती पहिल्या कडव्याला चालते, दुसऱ्याला पळते आणि तिसऱ्याला सुसाट सुटते. हा दुसऱ्याच कडव्याला हात वर करून ओरडला, "थांबा! सगळे थांबा! कुठे धावताय? मोदक पळून चाललेत का?" टाळ्या थांबल्या, घंटा थांबली, तबकातला कापूर मात्र थांबला नाही. यजमान तबक धरून उभे, त्यांची बोटं भाजतायत आणि हा त्यांना एक-दोन-तीन-चार मोजून दाखवतोय. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला दंडाला धरून घरी नेलं. पुढच्या वर्षी त्या घरचं बोलावणं आलं ते फक्त वहिनींना.

तर अशा माणसाच्या बँडची गाणी यंदा दसऱ्यानंतर जड होऊ लागली. दर रविवारी सकाळी त्याच्या घरी, खिडक्यांना गाद्या टेकवून, आमची तालीम होते. पूर्वी घोड्यासारखी उधळणारी गाणी आता रेंगाळायला लागली. "अहो, एका ओळीत मला तीनदा श्वास घ्यावा लागतोय," बाई म्हणाल्या. "गाणं आहे की प्राणायाम?" गिटारवाला मला जिन्यात गाठून म्हणाला, "त्याला ऐकायला येत नाय रे. परवा मागून हाक मारली, वळून पण बघितला नाय." नाताळात वाडीत आमचा कार्यक्रम असतो, त्याला दोनच आठवडे उरले होते. गिटारवाल्याने कुठूनसं ड्रम वाजवणारं मशीन आणून ठेवलं होतं. "बटण दाबला की वाजते. तू सांग त्याला. तुझा जुना दोस्त ना तो?"

मी एका दुपारी जड मनाने परळला गेलो. तीनदा बेल वाजवल्यावर वहिनींनी दार उघडलं. "भावजी, बेल ऐकू जात नाही त्यांना हल्ली," त्या हळूच म्हणाल्या. "मी बोलले म्हणून सांगू नका हं." आत हा पलंगावर मांडी घालून उशी बडवत बसला होता. मी पाठ करून आलेलं वाक्य काढणार, इतक्यात तोच म्हणाला, "बरं झालं आलास. तुझ्या डाव्या पायाला काय झालंय?"

मी गडबडलो. वाजवताना डाव्या पायाने ठेका धरायची मला सवय आहे आणि दसऱ्यापासून तो गुडघा धरला होता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दोन तास उभं राहता न येणाऱ्या माणसाला बँडमधून काढतील, अशी मलाच धास्ती होती.

"दोन वर्षं झाली, मला तुमचं काही धड ऐकू येत नाही," तो उशीकडे बघत म्हणाला. "माझे ड्रम तेवढे हाताला कळतात. तुम्ही गाण्यात कुठे आहात, ते मी तुझा पाय बघून ओळखतो. तो पडेल तिथे मी. आणि तो हल्ली उशिरा पडतोय."

"मग बोलला का नाहीस, लेका?" मी त्याच्या कानाशी ओरडलो.

"ऐकू न येणारा ड्रमर कोण ठेवतो रे? घरी बसून काय करू? कुकर मोजू?"

देवाच्या आरतीला लय शिकवणारा हा माणूस दोन वर्षं माझ्या चपलेच्या भरवशावर वाजवत होता. मला फार वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. त्याच्यादेखतच मी गिटारवाल्याला फोन लावला, चूक माझ्या गुडघ्याची आहे म्हणून सांगितलं आणि त्याची परवानगी घेऊन कानाचंही सांगून टाकलं. मग गिटारवाला म्हणाला, "मशीन परत देतो. तू दुसरा पाय वापर."

मी उजवा पाय वापरायला लागलो. त्याला नीट दिसावेत म्हणून पांढरे कॅनव्हासचे बूटही घेतले. नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी वाडीतल्या अंगणात आम्ही उभे राहिलो. गाणी पुन्हा पूर्वीसारखी उधळली, बाईंना श्वास पुरला. शेवटचं गाणं संपलं, तशी माणसं खुर्च्या सोडून उठली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी खुशीत त्यांच्याकडे बघत राहिलो आणि पाय आपला चालूच राहिला. त्यामुळे ड्रमही चालूच राहिले. बाईंनी माइक ठेवला होता, गिटारवाल्याने गिटार उतरवली होती. लोकांना वाटलं, हे खास शेवटासाठी राखून ठेवलेलं आहे. ते आणखीच चेकाळले.

मी मान वळवून पाहिलं. माझ्या बुटावर नजर रोखून, घामाने निथळत, तो मनापासून वाजवत होता. एवढी माणसं आपल्यासाठी उभी आहेत, याचा त्याला पत्ताच नव्हता. पाय थांबवला असता तर त्याने वर बघितलं असतं आणि ते सगळं त्याला दिसलं असतं. थांबवायलाच हवा होता. पण हे असं आणखी किती वर्षं जमणार आहे, असं मनात आलं. उजवा गुडघाही आता ठणकू लागला होता. तरी मी काही पाय थांबवला नाही.