चार घरांचा धनी

रेणुकादासपंत लातूरच्या तहसील कचेरीत कारकून होते आणि त्यांची चार घरे होती, असे सारे गाव सांगे. ते खरे होते. पंत स्वतः मात्र बेगमबीच्या माळवदाच्या घरात दोन खोल्या किरायाने घेऊन राहत, हेही खरे होते. मी कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज-कागद लिहून देणारा अर्जनवीस. त्या घरांचे सगळे कागद माझ्या हातचे, म्हणून हे मलाच सांगावे लागते.

पहिले घर त्यांनी बायकोच्या, कुसुमवहिनींच्या, पाटल्या मोडून गंजाच्या बाजारपेठेजवळ घेतले. महिन्याला सहा रुपये किराया येऊ लागला आणि पंतांना चटक लागली. दुसऱ्या घराला पैसा नव्हता. तेव्हा हणमंतराव आडत्याने वाट दाखवली, ताबेगहाणाची. पैशाला व्याज नाही, घराला भाडे नाही. रक्कम फिटेपर्यंत घर आडत्याच्या ताब्यात आणि त्याचा किरायाही आडत्याच्याच खिशात. पहिले घर असे गहाण टाकून आलेल्या पैशात पंतांनी दुसरे घर घेतले. मग दुसरे गहाण टाकून तिसरे, तिसरे टाकून चौथे. कमी पडे ते पगारातून. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

"पंत, किराया येतो कुठं?" मी एकदा चिडून विचारले.

"आज न्हाई येत. पण घरं तर वाढून राहिलीत ना?"

गहाणखताचे चार आणे मात्र मी दर वेळी घेतले, हे लपवत नाही. खत नोंदवायला खर्च येतो म्हणून पंतांनी एकही नोंदवले नाही. गहाणखते हणमंतरावाकडेच राहिली आणि खरेदीचे कागदसुद्धा पंतांनी विश्वासाने त्याच्याच तिजोरीत ठेवले.

पंतांच्या मुलीचे, सौदामिनीचे लग्न शिरूर अनंतपाळच्या घराण्यात ठरले, ते या चार घरांच्या बोलबाल्यावर. चौथे घर हुंड्यासाठी गहाण पडले. वरपक्षाची अट एकच, लग्न मुलीच्या बापाच्या स्वतःच्या दारात. बेगमबी म्हणाली, "माझ्या अंगणात घाला की मांडव. पोरगी माझीबी हाय." पण सोयऱ्यांना ते चालणार नव्हते.

कुसुमवहिनी नवऱ्याला एवढेच म्हणाल्या, "चार घरं नकोत मला. ज्याला माझ्या पाटल्या लागल्या, ते एक घर द्या."

गंजाजवळचे ते घर नेमके त्या महिन्यात रिकामे होते. पंत मला घेऊन हणमंतरावाकडे गेले.

"चार दिवस देतो की," हणमंतराव म्हणाले. "पण उगं तोंडी नको. दोन रुपये किराया, अन् किरायानामा करून द्या."

आपल्याच घराचा किराया! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण लग्न तीन दिवसांवर आले होते. मी लिहायला बसलो. किरायानाम्याचा साचा आमच्या बोटांत बसलेला असतो: लिहून घेणार मालक, लिहून देणार किरायेदार. पंतांनी न वाचता सही केली. मला थांबवता आले असते, मी थांबवले नाही.

लग्न झाले. वहिनी त्या दारात पोटभर रडल्या.

पुढची तीन वर्षे पंतांनी एक वेळ जेवून त्या एका घराची रक्कम जमवली आणि ते सोडवायला गेले. हणमंतराव म्हणाले, "कसलं गहाण? घर मी इकत घेतलंय." प्रकरण मुन्सिफाच्या कोर्टात गेले. मी गहाणखत लिहिल्याचे शपथेवर सांगितले. पण ते होते कुठे? हणमंतरावाच्या वकिलाने किरायानामा काढला.

"सही तुमची?"

"जी," पंत म्हणाले.

"अक्षर?"

"माझं," मी म्हणालो.

"वाचा. मालक कोण लिहिलाय?"

मी हणमंतरावाचे नाव वाचले. आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू येईना.

घर हणमंतरावाचे ठरले. पंत आतच बाकावर बसून राहिले. मी बाहेर आलो. पायरीवर वहिनी बसल्या होत्या. गंजाजवळच्या घरासाठी बाजारातून नवे कुलूप आणले होते त्यांनी.

"भावजी," त्या म्हणाल्या, "आज लावता येईल ना?"